हिरवे, लाल की निळे : मोटारसायकलचे कूलंट आणि आपल्याकडचे बोअरचे पाणी

शेंद्रा शिफ्टवाला, जालना

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे दोनशे सीसीची वॉटरकूल्ड मोटारसायकल आहे. गाडी पाच वर्षांची असून मी ती दीड वर्षापूर्वी वापरलेली घेतली. जालन्याहून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत रोजची ये-जा आहे. दोन्ही बाजूंचे मिळून नव्वदेक किलोमीटर होतात. सकाळच्या पाळीला जाताना काहीच त्रास नसतो. परंतु दुपारी तीनला पाळी सुटल्यावर, पारा बेचाळीसच्या पुढे गेलेला असताना बदनापूरच्या गर्दीत पाच मिनिटे अडकलो, की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि मग जालना येईपर्यंत बंद व्हायचे नाव घेत नाही. गेल्या आठवड्यात तापमानाचा लाल दिवाही लागला, तेव्हा गाडी लिंबाच्या सावलीत अर्धा तास उभी करावी लागली.

घरी आल्यावर कूलंटची, म्हणजे इंजिनाला थंड ठेवणाऱ्या द्रवाची, रिझर्व्ह टाकी पाहिली. पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती आणि आत जे काही होते ते उसाच्या रसासारखे गढूळ हिरवट दिसत होते. त्या आधीच्या मालकाने कोणते कूलंट भरले होते, हे मला माहीत नाही. आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकचे म्हणणे असे, की कूलंट म्हणजे रंगीत पाणीच असते, आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा सरळ आरओचे पाणी भरून मोकळे व्हावे. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने तीन बाटल्या समोर ठेवल्या. हिरवी सर्वांत स्वस्त असून तिच्यावर एक भाग कूलंटला तीन भाग पाणी असे प्रमाण छापले आहे. लाल बाटली निम्मे-निम्मे मिसळायची आहे. निळी तशीच ओतायची असून तीच सर्वांत महाग आहे. या तिघींपैकी कोणती घ्यावी, जुन्या द्रवात नवे मिसळले तर चालते का, आणि थंडी पडतच नसेल तर हा सगळा खटाटोप खरोखर आवश्यक आहे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

घाटवाला, बीड

दादा, मी तीन वर्षे घरचे पिण्याचे पाणीच वापरत आहे. मांजरसुंब्याचा घाट महिन्यातून चार वेळा चढतो. आजवर काहीही झालेले नाही. उगाच पैसे घालवू नयेत, असे माझे मत आहे.

पान्हा-पक्कड, वाळूज

बीडच्या भावांनी "आजवर" हा शब्द अगदी योग्य वापरला आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ गाड्या खोलतो आहे आणि साध्या पाण्यावर चालवलेले इंजिन मला वॉटर पंपाचे झाकण काढल्याबरोबर ओळखू येते. पंपाची पाती पांढुरक्या खरपुडीने जाड झालेली असतात आणि ॲल्युमिनियमला सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे पडलेली असतात. हे काम एका उन्हाळ्यात होत नाही, म्हणून तोपर्यंत सर्व काही ठीक आहे असे वाटत राहते.

आता जालन्याच्या मित्राच्या प्रश्नांकडे येतो. पहिली गोष्ट म्हणजे रंग विसरून जावा. रंग हा केवळ त्यात घातलेला डाय आहे. गळती दिसावी आणि कोणी चुकून पिऊ नये म्हणून तो घालतात. अमुक रंग म्हणजे अमुक रसायन असा कोणताही नियम सर्व कंपन्यांवर बंधनकारक नाही. एका कंपनीचे हिरवे जुन्या पद्धतीचे असते, तर दुसऱ्या कंपनीचे हिरवे अगदी आधुनिक असते. म्हणून बाटली फिरवून तिची पाठ वाचावी. तेथे इथिलीन ग्लायकॉलचा (कूलंटमधले मुख्य रसायन) उल्लेख आणि एखादे मानक छापलेले असले पाहिजे : भारतीय आयएस 5759, जपानी जेआयएस के 2234 किंवा अमेरिकी एएसटीएम डी 3306. ज्या बाटलीवर नुसते "सुपर कूल" असे काहीतरी लिहिलेले आहे आणि मानकाचा पत्ता नाही, ती तिथल्या तिथे परत ठेवावी.

दुसरी गोष्ट गंजरोधकांची. ग्लायकॉल सर्वांमध्ये जवळजवळ सारखेच असते. बाटली-बाटलीत फरक पडतो तो त्यात घातलेल्या गंजरोधकांचा. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट आणि तत्सम क्षार असतात. ते धातूवर लगेच थर धरतात, पण लवकर संपतात, त्यामुळे असे कूलंट साधारण दोन वर्षांत बदलावे लागते. नव्या पद्धतीत सेंद्रिय आम्ले वापरतात. त्याला ओएटी म्हणतात आणि ते जास्त काळ टिकते. या दोहोंचे मिश्रण असलेले हायब्रिडही मिळते. मोटारसायकलच्या बाबतीत ध्यानात ठेवायचे ते असे, की तिचे इंजिन, रेडिएटर आणि पंप हे सगळे ॲल्युमिनियमचे व आकाराने लहान असतात, पंपाचे सील नाजूक असते आणि सिलिकेटचे कण ते सील झिजवतात, अशी भीती जपानी उत्पादकांना पूर्वीपासून वाटत आली आहे. म्हणून अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत सिलिकेटविरहित कूलंट वापरावे असे स्पष्ट लिहिलेले असते. आपल्या गाडीची पुस्तिका काढून ते पान पाहावे. तेथे जे लिहिले असेल ते माझ्या सांगण्याच्या वर समजावे.

तुमच्यासमोरच्या तीन बाटल्यांत मी निळी घेतली असती, अर्थात तिच्यावर वर सांगितलेले मानक आणि सिलिकेटविरहित असल्याची नोंद असेल तर. तयार मिश्रणात पाणीही कारखान्यातलेच असते आणि आपल्याकडे खरा घोळ पाण्यातच होतो. लिटरभराच्या आतबाहेर कूलंट लागणाऱ्या गाडीत दोन बाटल्यांमधल्या किमतीचा फरक एका पंपाच्या सीलच्या मजुरीइतकाही नसतो. एकास तीन प्रमाणाच्या बाटलीत मिसळल्यानंतर ग्लायकॉल फार तर चौथा हिस्सा उरते आणि उरलेले पाऊण काम तुमच्या पाण्यावर सोपवलेले असते.

आत काय आहे हे माहीत नसताना त्यात नवे ओतू नये. वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकत्र आले की गंजरोधकांचे आयुष्य घटते, आणि काही जोड्यांमध्ये साबणाच्या फेसासारखा किंवा साईसारखा गाळ तयार होऊन रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे शक्यतो सकाळी, पंपाजवळचा ड्रेन बोल्ट काढून सगळे एका घमेल्यात उतरवावे. रिझर्व्ह टाकीही काढून धुवावी, कारण बहुतेक जण तीच विसरतात. मग डिस्टिल्ड वॉटर भरून गाडी गरम होऊ द्यावी, थंड करून ते काढावे, आणि निघणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. नवे भरल्यावर रेडिएटरची कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करावे आणि वरचा होज पाइप हाताने हळूहळू दाबत राहावे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडचा मार्ग मोकळा करणारी झडप) उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि बुडबुडे येतात. हवा निघाल्याशिवाय कॅप लावली, तर नव्या कूलंटवरही गाडी तापतेच आणि मग लोक बाटलीला नावे ठेवतात. गरम गाडीची कॅप मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आमच्या एका पोऱ्याच्या मनगटावर त्याची खूण कायमची राहिली आहे.

आणखी एक. नवे कूलंट घेण्याआधी कॅप तपासा. तिच्या आतल्या रबराला चिरा गेल्या असतील, तर दाब धरला जात नाही आणि कूलंट ओव्हरफ्लोच्या नळीने बाहेर जात राहते. पंपाच्या खाली एक बारीक छिद्र असते. तेथून थेंब पडत असेल किंवा वाळलेला ओघळ दिसत असेल तर सील गेले आहे. इंजिन ऑइलचा रंग ताकासारखा झालेला असेल, तर कूलंट तेलात मिसळते आहे, म्हणजे प्रकरण गॅस्केटपर्यंत किंवा आतल्या सीलपर्यंत पोहोचले आहे आणि कोणतेही कूलंट त्यावर उपाय नाही.

फळा-खडू, परभणी

मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. वाळूजच्या सरांनी व्यवहाराची बाजू उत्तम सांगितली आहे; मी केवळ पाण्याविषयी लिहितो, कारण आपल्या भागात या प्रश्नाची मेख तेथेच आहे.

मराठवाड्यात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी बसाल्टच्या भेगांतून येते आणि त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळलेले असते. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. दर हंगामात ड्रिपरची तोंडे पांढऱ्या क्षाराने बुजतात आणि ॲसिड सोडून ती मोकळी करावी लागतात. हे तर साध्या उन्हात तापणाऱ्या नळीचे झाले. विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापले की त्याचे न विरघळणारे कार्बोनेट होते, आणि सिलिंडरभोवतीच्या पोकळीत तर पाणी दिवसभर नव्वद-शंभर अंशांवर फिरते. तो थर नेमका सर्वांत तप्त जागी बसतो आणि त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकीच असते. म्हणजे रेडिएटर थंड असतो, कूलंटही फारसे तापलेले नसते, आणि तरीही सिलिंडरची भिंत भाजत असते. पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला छिद्रे पाडते, ती सुईने टोचल्यासारखी छिद्रे त्याचीच.

आता आरओच्या पाण्याविषयी. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, असे भारतीय मानक सांगते. दुसरा स्रोतच नसेल तर ही मर्यादा 2000 पर्यंत शिथिल होते. आपल्या बोअरचे पाणी बऱ्याचदा या दोन आकड्यांच्या मधे असते. घरगुती आरओतून ते बाहेर पडते तेव्हा क्षार पन्नास ते दीडशेच्या घरात आलेले असतात आणि चवीसाठी काही यंत्रे ते मुद्दाम राखतात. पिण्यासाठी हे चांगले आहे, इंजिनासाठी पुरेसे नाही. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात हाच आकडा शून्याच्या जवळ असतो. हे क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो. पाहून खात्री करून घ्यावी.

यात एक गंमतही आहे. युरोपातील अनेक उत्पादक कूलंटमध्ये फॉस्फेट टाळतात, कारण तेथील पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेले, असते आणि फॉस्फेट कॅल्शियमशी मिळून साका धरते. जपानी उत्पादक सिलिकेट टाळतात आणि फॉस्फेट खुशाल वापरतात. आपल्याकडे जपानी धर्तीचे कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचे दाट कूलंट) घेऊन त्यात बोअरचे पाणी मिसळले, तर दोन्हीकडचा दोष आपल्या पदरात पडतो : बाटली उत्तम, पाणी जड, आणि गाळ नक्की.

थंडी नसताना अँटीफ्रीझ, म्हणजे पाणी गोठू न देणारे ग्लायकॉल, कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आपण समुद्रसपाटीपासून साधारण चारशे-पाचशे मीटर उंचीवर राहतो आणि येथे उघड्या भांड्यातले पाणी 98-99 अंशांनाच उकळते. निम्मे-निम्मे मिश्रण समुद्रसपाटीला 107 अंशांच्या आसपास उकळते. 1.1 बार दाबाची कॅप चांगल्या स्थितीत असेल, तर साध्या पाण्याचा उत्कलनबिंदू 120 च्या थोडा पुढे जातो आणि मिश्रणाचा सव्वाशेच्याही वर. म्हणजे उकळण्यापासून वाचवण्यात कॅपचा वाटा ग्लायकॉलपेक्षा मोठा आहे. कॅप तपासा, हा वाळूजच्या सरांचा सल्ला म्हणूनच मोलाचा आहे. ग्लायकॉलचा आणि त्यासोबतच्या रसायनांचा आपल्यासाठी खरा उपयोग गंज रोखण्याचा आणि वरच्या आठ-दहा अंशांच्या सवलतीचा आहे.

याचा अर्थ कॉन्सन्ट्रेट जितके जास्त तितके इंजिन थंड, असा मात्र काढू नये. एक किलो पाणी एक अंशाने तापायला 4.18 किलोज्यूल उष्णता घेते. निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे 3.4 आणि शुद्ध ग्लायकॉल जेमतेम 2.4. उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखे दुसरे काही नाही. इतकेच काय, गोठण्याच्या बाबतीतही शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांना गोठते आणि निम्म्या पाण्यासह उणे 37 पर्यंत टिकते. निम्म्याच्या पुढे आपल्याला जाण्याचे काहीच कारण नाही.

बाटलीत खरोखर ग्लायकॉल आहे की रंगीत पाणी, हे पाहण्याची एक साधी युक्ती सांगतो. एका रिकाम्या लिटरच्या बाटलीवर खूण करून तीत डिस्टिल्ड वॉटर भरावे आणि किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करावे. मग त्याच बाटलीत त्याच खुणेपर्यंत तयार कूलंट भरून पुन्हा वजन करावे. इथिलीन ग्लायकॉलचे निम्मे मिश्रण असेल, तर लिटरमागे सुमारे साठ-सत्तर ग्रॅम जास्त भरले पाहिजे.

आणि कृपया ठिबकचे ॲसिड रेडिएटरमध्ये सोडण्याचा मोह कोणी करू नये. क्षार विरघळेल, पण ॲल्युमिनियमही विरघळेल.

टँकर नंबर दोन, लातूर

सरांचे पाण्याविषयीचे म्हणणे मी स्वानुभवाने सांगू शकतो. 2016 च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्या दिवसांत, माझ्या गाडीतले कूलंट कमी झाले आणि मी टँकरचे पाणी ओतत राहिलो. पिण्याचेच हाल होते, तेथे डिस्टिल्डचा विचार कोण करणार? दोन वर्षांनी थर्मोस्टॅट अर्धवट उघडा अडकला. मेकॅनिकने तो काढून माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा चुन्याच्या डबीतून काढल्यासारखा दिसत होता.

डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या दुकानात सहज मिळते. मात्र त्याच दुकानात, तशाच पांढऱ्या कॅनमध्ये बॅटरीचे ॲसिडही असते. लेबल स्वतः वाचून घ्यावे. रस्त्यात अडचण आलीच, तर कोरड्या इंजिनावर गाडी दामटण्यापेक्षा मिळेल ते पिण्याचे पाणी घालून घर गाठावे आणि त्याच आठवड्यात सगळे काढून टाकावे.

कयाधू काठ, हिंगोली

एक बाळबोध प्रश्न आहे. माझ्या गाडीला पुढे रेडिएटरसारखी छोटी जाळी आहे, पण कूलंट भरायची टाकी कोठेच सापडत नाही. मी काय भरावे?

पान्हा-पक्कड, वाळूज

दादा, काहीही भरू नका. तो ऑइल कूलर आहे. त्यातून इंजिनचे तेलच फिरते. तेल वेळेवर बदला आणि जाळीच्या पापुद्र्यांत अडकलेला चिखल व किडे मऊ ब्रशने काढत जा. हेच वॉटरकूल्ड गाड्यांनाही लागू आहे. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या रस्त्याने जाणाऱ्यांच्या रेडिएटरमध्ये तंतूंचा असा काही थर बसतो, की त्यातून वारा जायला जागाच उरत नाही. पाणी मागच्या बाजूने, कमी दाबाने मारावे. सर्व्हिसिंगच्या प्रेशरने पापुद्रे वाकतात.

शेंद्रा शिफ्टवाला, जालना

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी हे काम केले, त्याचा वृत्तान्त देतो.

पुस्तिकेत इथिलीन ग्लायकॉलवर आधारित, सिलिकेटविरहित, निम्म्या प्रमाणातील कूलंट असेच लिहिलेले निघाले, आणि निळ्या बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांत जेआयएसचे मानकही सापडले. शेजारच्या किराणावाल्याने काटा वापरू दिला. त्याला वाटले मी मधाची भेसळ तपासतो आहे. बाटलीचे वजन वजा जाता डिस्टिल्ड वॉटर 994 ग्रॅम भरले, निळे कूलंट 1061, आणि गाडीतून काढलेले जुने, फडक्याने गाळून, फक्त 1009. म्हणजे आधीच्या मालकाने आणि नंतर बहुधा आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकनेही त्यात पाण्यावर पाणीच घातलेले होते. पहिल्या दोन धुण्यांत खडूच्या भुकटीसारखा पांढरा गाळ घमेल्याच्या तळाला बसला. चौथ्यांदा पाणी स्वच्छ आले. कॅपचे रबर एका बाजूने दबून सपाट झालेले होते, ती कॅपही नवी टाकली.

पंपाखालचे छिद्र कोरडे आहे. कालच्या दुपारी बदनापूरला पुन्हा अडकलो. पंखा सुरू झाला, मी मनातल्या मनात आकडे मोजत बसलो, आणि गाडी गर्दीतून बाहेर पडून थोडे अंतर गेल्यावर तो आपोआप बंद झाला. एकच शंका उरली आहे : जुने कूलंट एका कॅनमध्ये भरून ठेवले आहे, ते अंगणाच्या कडेला मोरीत ओतले तर चालेल का?

फळा-खडू, परभणी

मुळीच ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, म्हणून कुत्री, मांजरे आणि जनावरे ते चाटतात, आणि थोडक्या प्रमाणातही त्याने मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका आहे. कॅनला घट्ट बूच लावा, वर ठळक अक्षरांत "विष" लिहा आणि उंचावर ठेवा.

पान्हा-पक्कड, वाळूज

आणि पुढच्या वेळी शेंद्र्याहून येताना तो कॅन एखाद्या मोठ्या वर्कशॉपमध्ये द्या, जेथे जुने तेल आणि कूलंट वेगळे साठवून अधिकृतपणे उचलण्यासाठी देतात. कॅपवर आजची तारीख मार्करने लिहून ठेवा. दोन आठवडे रोज सकाळी, गाडी मधल्या स्टँडवर किंवा कोणाला तरी सरळ धरायला सांगून, रिझर्व्ह टाकीची पातळी पाहा. पहिल्या दोन-चार दिवसांत ती बोटभर उतरली तर घाबरू नका, ती आत उरलेली हवा निघाल्याची खूण आहे. त्यानंतरही उतरत राहिली तर मात्र गाडी घेऊन या.